औषधांच्या आधी माणसे घडविणारा रसायनशास्त्रज्ञ

महाविद्यालय, डॉक्टर आणि कारखाना यांची एकाच शहरात सांगड घालून देशी औषधनिर्मितीचा पाया घालणाऱ्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या जीवनकार्याचा हा मागोवा.

मुंबईच्या प्रभादेवी परिसरात ‘बंगाल केमिकल’ हे नाव अनेक वर्षे लोकांच्या तोंडी आहे. मुंबईच्या भर वस्तीत बंगालचे नाव कसे आले, याचा विचार मात्र फारसा कुणी करीत नाही. १९३८ साली येथे सुरू झालेल्या एका कारखान्याचे हे नाव. त्या कारखान्याची मूळ कंपनी कलकत्त्याची आणि तिचा जन्म झाला तो अप्पर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाच्या भाड्याच्या घरात. त्या घरात राहणारे भाडेकरू होते प्रेसिडेन्सी कॉलेजातील रसायनशास्त्राचे एक अविवाहित, कृश आणि कायम पोटाच्या विकाराने त्रस्त असलेले प्राध्यापक, प्रफुल्लचंद्र राय.

भारतीय औषधउद्योगाचे आद्य प्रवर्तक म्हणून राय यांचे नाव घेतले जाते. मर्क्युरस नायट्राइट या संयुगावरील संशोधनासाठी आणि प्राचीन भारतीय रसायनविद्येच्या इतिहासासाठी ते जगभर ओळखले गेले. परंतु त्यांच्या कार्याची आणखी एक बाजू आहे आणि ती आजच्या काळात अधिक महत्त्वाची ठरावी. औषधे तयार करायची तर भांडवल आणि यंत्रे यांच्याआधी ती तयार करणारे हात आणि ती पारखणारे डोळे लागतात, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखले. असे हात घडविण्यासाठी महाविद्यालयाची प्रयोगशाळा, शहरातील डॉक्टर आणि कारखाना यांना त्यांनी एकत्र आणले. त्याची किंमतही त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोजावी लागली.

रारुली ते एडिंबरो

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी तत्कालीन जेसोर जिल्ह्यातील रारुली या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र राय जमीनदार असले तरी नव्या विचारांचे होते. घरात ग्रंथसंग्रह होता आणि गावात शाळा काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. मुलांच्या शिक्षणासाठी १८७० साली हे कुटुंब कलकत्त्याला आले. हेअर स्कूलमध्ये शिकत असताना प्रफुल्लचंद्रांना आमांशाने असे गाठले की शाळा सोडून घरी बसावे लागले. प्रकृती त्यानंतर कधीच पूर्ववत झाली नाही. मात्र अंथरुणावरच्या त्या दिवसांत त्यांनी वाचनाचा सपाटा लावला.

पुढे ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी प्रवेश घेतला. विज्ञानाच्या व्याख्यानांसाठी मात्र ते प्रेसिडेन्सी कॉलेजात जाऊन बसत. तेथील प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर वर्गात प्रयोग करून दाखवीत आणि त्या प्रयोगांनीच या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राची गोडी लावली. १८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. प्रा. क्रम ब्राउन यांच्या हाताखाली शिकून १८८७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

पदवी होती, जागा नव्हती

१८८८ साली ते मायदेशी परतले तेव्हा एडिंबरोची डॉक्टरेट त्यांच्याजवळ होती. नोकरी मात्र नव्हती. शिक्षण खात्यातील वरिष्ठ जागा जवळजवळ इंग्रजांसाठीच राखून ठेवलेल्या असत. कित्येक महिने त्यांनी मित्र जगदीशचंद्र बोस यांच्या घरी पाहुणे म्हणून काढले. अखेर १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना सहायक प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. पगार ठरला महिना अडीचशे रुपये. या अन्यायाकडे त्यांनी शिक्षण संचालकांचे लक्ष वेधले. त्यावर, स्वतःच्या रसायनज्ञानाची एवढी खात्री असेल तर उपजीविकेचे अन्य मार्ग मोकळे आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांना ऐकावे लागले.

हे उत्तर त्यांच्या जिव्हारी लागले असल्यास नवल नाही. परंतु ते स्वतःच्या पगारापुरता विचार करून थांबले नाहीत. आपल्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या तरुणांचे काय होते, हे ते दरवर्षी पाहत होते. विज्ञानाची पदवी घेतलेला विद्यार्थी पुढे वकिली करी किंवा सरकारी कचेरीत कारकुनी धरी. प्रयोगशाळेत कमावलेले कौशल्य वापरण्याची जागाच बंगालमध्ये नव्हती. दुसरीकडे कलकत्त्याच्या औषधांच्या दुकानांत टिंक्चरपासून सिरपपर्यंत सारा माल विलायतेहून येत होता, आणि त्यातील कित्येक औषधांचा कच्चा माल याच भूमीतून तिकडे जात होता. शिकलेले हात रिकामे आणि बाजार परक्या मालाने भरलेला, ही विसंगती त्यांना अस्वस्थ करीत होती.

गच्चीवरची हाडे

१८९२ च्या सुमारास, पगारातून शिल्लक टाकलेल्या सुमारे सातशे रुपयांवर त्यांनी आपल्या राहत्या घरातच उद्योग मांडला. त्याला त्यांनी ‘बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स’ असे भारदस्त नाव दिले. सुरुवातीचे काही प्रयत्न फसले. लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल करण्याचा प्रयोग परवडेना. देशी खारमातीपासून सोडा काढण्याचा बेतही विलायती सोड्याच्या स्वस्ताईपुढे टिकेना. मग त्यांची दृष्टी वळली ती खाटकांच्या वस्तीत फुकट पडलेल्या जनावरांच्या हाडांकडे.

हाडे भाजून त्यांची राख करायची आणि तिच्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून फॉस्फेट मिळवायचे, ही रीत पाठ्यपुस्तकात सोपी होती. राय यांनी हाडांची पोती आणून घराच्या गच्चीवर वाळत घातली. नेमका अवकाळी पाऊस आला, हाडांना चिकटलेले मांस कुजले, त्यात किडे झाले आणि कावळ्यांची झुंबड उडाली. त्या दुर्गंधीने शेजारी हैराण झाले आणि हाडे तातडीने हलविण्याची पाळी आली. एका मोकळ्या जागेत रात्री हाडांची भट्टी पेटविली, तर तेथे प्रेत जाळले जात असल्याच्या संशयाने पोलीस हजर झाले. अशा सर्व विघ्नांतून अखेर सोडियम फॉस्फेटचे शुभ्र स्फटिक तयार झाले, तेव्हा प्राध्यापकांना झालेला आनंद एखाद्या संशोधनाच्या यशाइतकाच मोठा होता.

या प्रसंगाकडे आज गमतीची आठवण म्हणून पाहिले जाते. त्या काळाच्या दृष्टीने मात्र त्याला वेगळा अर्थ होता. उच्चवर्णीय, विलायतेत शिकलेला प्राध्यापक स्वतः हाडे हाताळतो, बाटल्या धुतो, औषधे गाळतो आणि दुकानदारांकडे नमुने घेऊन जातो, हे दृश्य त्याचे विद्यार्थी पाहत होते. हाताने काम करणे हे शिकलेल्या माणसाला कमीपणाचे नाही, हा धडा पुस्तकातून देता येण्याजोगा नव्हता. कुशल कामगारवर्ग घडविण्याच्या मार्गातील सर्वांत मोठी धोंड मनातच असते, आणि ती राय यांनी स्वतःच्या वागण्याने दूर केली.

डॉक्टरांची साथ

माल तयार झाला तरी तो घेणार कोण? दुकानदारांचा आणि रोग्यांचा विश्वास विलायती शिक्क्यावर होता. ही कोंडी फोडली ती राय यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बसू यांनी. ते नुसते हितचिंतक राहिले नाहीत. भागीदार होऊन या उद्योगात उतरले. डॉ. राधागोविंद कर, डॉ. नीलरतन सरकार, डॉ. सुरेशप्रसाद सर्वाधिकारी अशी कलकत्त्याच्या वैद्यकीय क्षेत्रातील नामवंत मंडळी या देशी औषधांच्या पाठीशी उभी राहिली. यांपैकी कर आणि सरकार यांची नावे आज कलकत्त्यातील दोन मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांना आहेत.

ही मैत्री केवळ व्यवहारापुरती नव्हती. डॉ. सरकार आणि इतर मित्रांसमवेत राय निसर्गाच्या अभ्यासात रमत, आणि याच सुमारास त्यांनी मुलांसाठी प्राणिशास्त्राचे एक सोपे पुस्तक बंगालीत लिहिले. रसायनशास्त्राचा प्राध्यापक डॉक्टरांकडून शरीराची रचना समजावून घेत होता आणि डॉक्टर त्याच्याकडून औषधांच्या शुद्धतेचे निकष शिकत होते.

बसू यांच्या पुढाकाराने आयुर्वेदातील वनस्पतींकडे लक्ष वळले. कालमेघ, कुडा, अडुळसा, ओवा यांचा उपयोग वैद्य पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. त्यांचे अर्क आधुनिक पद्धतीने, ठरावीक प्रमाणात आणि तपासून तयार करण्याचे काम बंगाल केमिकलमध्ये सुरू झाले. डॉक्टर ही औषधे आपल्या रोग्यांना देत आणि त्यांचा गुण-अवगुण कारखान्याला कळवीत. कलकत्त्यात भरलेल्या वैद्यकीय परिषदेत ही औषधे मांडण्यात आली, तेव्हा देशभरातून आलेल्या डॉक्टरांना त्यांची ओळख झाली. प्रयोगशाळेतील ज्ञान, दवाखान्यातील अनुभव आणि कारखान्यातील उत्पादन हे तिन्ही धागे एका शहरात, एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या माणसांच्या हातून विणले जात होते.

दोन मृत्यू

हा उद्योग मूळ धरत असतानाच त्याच्यावर दोन आघात झाले. रसायनशास्त्रात एम.ए. झालेले सतीशचंद्र सिंह हे राय यांच्या उपक्रमात आलेले पहिल्या काही शिक्षित तरुणांपैकी एक. कचेरीची वाट सोडून त्यांनी भट्ट्या आणि बाटल्यांमध्ये आपले भवितव्य शोधले होते. प्रयोगशाळेत काम करीत असताना प्रुसिक आम्लाच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. ज्या तरुणाला आपण या मार्गावर आणले, त्यालाच या मार्गाने गिळावे, हे दुःख राय यांच्या मनात कायमचे राहिले.

त्यानंतर आली प्लेगची साथ. मुंबई आणि पुण्यात थैमान घालून ही साथ १८९८ साली कलकत्त्यात पोहोचली. रोग्यांवर उपचार करता करता डॉ. अमूल्यचरण बसू यांनाच प्लेगने गाठले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले. प्रयोगशाळा सांभाळणारा तरुण आणि वैद्यकीय जगाशी दुवा जोडणारा मित्र, दोघेही राहिले नाहीत. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी कारखाना आणि उरलेल्या वेळात संशोधन असा भार पन्नास किलोही वजन नसावे अशा दिसणाऱ्या या माणसावर एकट्यावर येऊन पडला.

उद्योग एक-दोन माणसांच्या जिवावर चालत असेल तर तो एका साथीने किंवा एका अपघाताने बंद पडू शकतो, हे या दोन मृत्यूंनी दाखवून दिले. त्याला उपाय एकच होता. संस्थेला पक्का आकार द्यायचा आणि तिच्यासाठी शिकलेल्या माणसांची अखंड परंपरा निर्माण करायची. १९०१ साली बंगाल केमिकलचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले.

कारखाना हाच वर्ग

कॉलेजातील प्रयोग-साहाय्यक चंद्रभूषण भादुडी यांच्यासारखे कुशल सहकारी राय यांच्या मदतीला होते. १९०३ साली रसायनशास्त्र आणि कायदा या दोन्ही विषयांची पदवी असलेला एक तरुण कंपनीत दाखल झाला. त्यांचे नाव राजशेखर बसू. थोड्याच काळात ते व्यवस्थापक झाले आणि सुमारे तीन दशके त्यांनी ही धुरा वाहिली. ‘परशुराम’ या टोपणनावाने विनोदी कथा लिहिणारे, बंगाली शब्दकोश रचणारे आणि विज्ञानाच्या बंगाली परिभाषेसाठी झटणारे राजशेखर बसू ते हेच. हिशेब, यंत्रे, सुगंधी द्रव्ये आणि भाषा या सर्वांत सारख्याच सहजतेने वावरणारा असा व्यवस्थापक राय यांना लाभला, हे कंपनीचे भाग्य म्हटले पाहिजे.

१९०५ साली माणिकतळा येथे मोठा कारखाना उभा राहिला. तेच वर्ष बंगालच्या फाळणीचे आणि स्वदेशी चळवळीचे. लोकांना देशी माल हवा होता आणि तो देऊ शकणारी संस्था तोवर तेरा वर्षांची झाली होती. घोषणा देण्याच्या आधी तयारी केलेली असेल तर चळवळीचा लाभ कसा घेता येतो, याचे हे उदाहरण. गंधकाम्ल, औषधे, जंतुनाशके, अग्निशामक उपकरणे अशा नाना वस्तू येथे होऊ लागल्या. यंत्रे दुरुस्त करणे आणि शक्य तेवढी तेथेच बनविणे हेही कामाचा भाग होते. विज्ञान शिकलेला पदवीधर आणि धातूकाम करणारा कारागीर एकाच छपराखाली शिकत होते. १९२० साली पानिहाटी येथे दुसरा कारखाना सुरू झाला.

याच कारखान्यातील सतीशचंद्र दासगुप्ता यांनी तयार केलेले अग्निशामक उपकरण विशेष गाजले. पुढे गांधीजींच्या प्रभावाने दासगुप्तांनी नोकरी सोडली आणि सोदपूर येथे खादी प्रतिष्ठानाचे काम उभारले. एक कसबी रसायनज्ञ कंपनीने गमावला. परंतु स्वतः राय हेही चरख्याचे पुरस्कर्ते होते. मोठा रासायनिक कारखाना काढणारा माणूस सूत कातण्याचा आग्रह कसा धरतो, असा प्रश्न अनेकांना पडे. राय यांच्या लेखी त्यात विरोध नव्हता. पदवीधराला प्रयोगशाळेत काम हवे तसे शेतकऱ्याला रिकाम्या महिन्यांत काम हवे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

गोखल्यांचे शेजारी

महाराष्ट्राशी राय यांचा जवळचा संबंध आला तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे. कौन्सिलच्या कामासाठी गोखले कलकत्त्यात राहत तेव्हा राय त्यांचे जवळजवळ शेजारीच होते. १९०२ च्या आरंभी गांधीजी महिनाभर गोखल्यांकडे उतरले असता त्यांची राय यांच्याशी ओळख झाली. महिना आठशे रुपये मिळविणारा हा प्राध्यापक स्वतःसाठी फक्त चाळीस ठेवतो आणि बाकी सार्वजनिक कामाला देतो, अशी ही ओळख गोखल्यांनी करून दिल्याचे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या प्रश्नावर कलकत्त्याच्या अल्बर्ट हॉलमध्ये गांधीजींची जी सभा झाली, तिच्यामागे राय यांचीच खटपट होती.

सायन्स कॉलेजातील खोली

१९१६ साली प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त होऊन राय कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या सायन्स कॉलेजात रसायनशास्त्राचे पालित प्राध्यापक झाले. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांची दृष्टी आणि तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोन वकिलांची मोठी देणगी यांतून ही संस्था उभी राहिली होती. येथील अध्यासने भारतीयांनाच मिळावीत, अशी देणगीदारांची अट होती. ज्या देशात राय यांना दुय्यम जागेवर समाधान मानावे लागले, तेथे पुढच्या पिढीसाठी मानाची जागा निर्माण झाली ती अशी स्थानिक दातृत्वातून.

कॉलेजच्या इमारतीतील एका खोलीतच ते राहत. वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर, १९२१ पासून, त्यांनी आपला पगार विभागाच्या कामासाठी आणि संशोधकांसाठी सोडून दिला. गरीब विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहत आणि जेवत. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये महापूर आला तेव्हा याच सायन्स कॉलेजातून मदतकार्याची सूत्रे हलली आणि शेकडो विद्यार्थी स्वयंसेवक बनले.

या गुरुकुलातून बाहेर पडलेल्यांची नावे पाहिली की त्यांच्या कार्याचा आवाका ध्यानी येतो. ज्ञानचंद्र घोष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि पुढे खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचे पहिले संचालकही. ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे नेतृत्व केले. नीलरतन धर यांनी अलाहाबादेत मृदाविज्ञानाचे केंद्र उभारले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनीही त्यांच्या वर्गात धडे घेतले होते.

जीवविज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव बिरेशचंद्र गुहा यांचे. राय यांच्या या विद्यार्थ्याने शिक्षणानंतर काही काळ बंगाल केमिकलमध्ये काम केले. पुढे इंग्लंडमध्ये जीवनसत्त्वांवर संशोधन करून ते परतले, पुन्हा बंगाल केमिकलमध्ये रुजू झाले आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. भारतातील आधुनिक जीवरसायनशास्त्राचे ते अग्रणी मानले जातात. विद्यापीठातून कारखान्यात, कारखान्यातून परदेशी प्रयोगशाळेत, तेथून पुन्हा कारखान्यात आणि अखेर विद्यापीठात, हा त्यांचा प्रवास राय यांनी बांधलेल्या वाटेवरूनच झाला.

१९२४ साली स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीचे राय पहिले अध्यक्ष होते. १६ जून १९४४ रोजी सायन्स कॉलेजातील त्याच खोलीत त्यांचे निधन झाले. मागे ना घर होते, ना संपत्ती.

उरलेला प्रश्न

त्यांच्या पश्चात बंगाल केमिकलची वाटचाल सुखाची झाली नाही. प्रतिजैविकांच्या युगात कंपनी मागे पडली, आजारी उद्योगांत गणली गेली. १९७७ साली केंद्र सरकारने तिचे व्यवस्थापन हाती घेतले आणि १९८० साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. २०२० साली करोनाच्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची मागणी वाढली, तेव्हा या कंपनीचे नाव पुन्हा वृत्तपत्रांत झळकले.

ज्या व्यवस्थेवर कंपनी उभी होती ती राय, त्यांचे डॉक्टर मित्र आणि त्यांचे विद्यार्थी यांच्या परस्पर विश्वासावर चालत होती. ती माणसे पडद्याआड गेल्यावर तिला नियमांचा आणि नव्या संशोधनाचा आधार पुरेसा मिळाला नाही, हे त्या व्यवस्थेतील उणेपण मान्य केले पाहिजे. एका व्यक्तीच्या त्यागावर संस्था जन्माला येऊ शकते; ती पिढ्यान्‌पिढ्या चालविण्यासाठी मात्र तेवढाच त्याग पुरत नाही.

आज औषधनिर्माण आणि जैवतंत्रज्ञान ही क्षेत्रे कुशल मनुष्यबळ मागत आहेत. विद्यापीठे आणि कंपन्या यांच्यात सामंजस्य करार होतात, त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. पण त्या कराराने किती प्राध्यापक कारखान्यात गेले, किती तंत्रज्ञ वर्गात शिकवायला आले आणि किती विद्यार्थ्यांनी पदवीआधी प्रत्यक्ष उत्पादन पाहिले, ही विचारणा क्वचितच होते. राय यांच्याजवळ कोणताही करार नव्हता. त्यांच्या घरापासून कॉलेजपर्यंत, कॉलेजपासून डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत आणि तेथून माणिकतळ्याच्या भट्टीपर्यंत माणसांची ये-जा मात्र रोजची होती. या क्षेत्रात नवी धोरणे आखणाऱ्यांनी त्या ये-जेचा हिशेब आधी मांडला, तर आचार्यांच्या कामाचे चीज होईल.